फुसाएचा हात

बायको फुसाए वारली तेव्हा तामोत्सुला चहाखेरीज काही करता येत नव्हतं. हाकोदाते शहरात उभी हयात ट्राम चालवण्यात गेलेली. घरी आलं की समोर वाफाळता वाडगा यायचा, एवढंच त्याला स्वयंपाकातलं ठाऊक. शेवटी धाकटी मेहुणी इकुको रामेनची पाकिटं आणि टोफू घेऊन आली.

"भाऊजी, उपाशी मरू नका. पाणी उकळा, शेवया टाका, वरून टोफू सोडा. एवढी ट्राम हाकलीत, हे जमेल की!"

जमलं. टोफूचा चुरा व्हायचा, पण पोट भरायचं.

हिवाळा सरत आला होता. एका दुपारी त्याने पाणी उकळत ठेवलं आणि बघतो तर टोफूची वडी उजव्या तळहातावर, सुरी डाव्या हातात. पातं अलगद खाली जात होतं, कातडीला टेकताच थांबत होतं. चौकोनी, सारखे तुकडे पातेल्यात घसरले. तामोत्सु उजव्या हाताचा. त्या घरात डावखुरी एकटी फुसाए होती.

खाताना रश्शात आल्याची चव लागली. आलं किसल्याचं त्याला आठवेना.

पुढे इकुको आली तेव्हा त्याने तिलाही वाडगा दिला. एक घोट घेऊन तिने काड्या खाली ठेवल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"थट्टा नको, भाऊजी."

मग त्याने तिच्यासमोरच दुसरी वडी हातावर घेतली. सुरी धरलेला हात बघून इकुकोचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच म्हणाली, "ताई?"

त्यापुढचं तामोत्सुला आठवत नाही. भानावर आला तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. वाडगे घासून पालथे घातलेले. इकुकोचे डोळे सुजले होते, तरी ती हसत होती.

"मी काय बोललो?"

"तुम्ही कुठे काय बोललात?"

"मग कोण?"

"आमचं बहिणीबहिणींचं होतं. तुम्हाला कशाला हव्यात चांभारचौकशा?"

त्या रात्री तो दिवा लावूनच झोपला. पुढच्या खेपेला इकुको टोफू घेऊन हजर झाली, तेव्हा त्याने चूल बंद ठेवली होती.

"आज नको, इकुको. भीती वाटते."

"कसली?"

"मी परत आलोच नाही तर?"

तिने टोफू ओट्यावर ठेवला. मग तिनेच पाणी चढवलं आणि त्याच्या डाव्या मुठीत सुरी दिली. "ती फार वेळ थांबत नाही, भाऊजी."

तामोत्सु सुरीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत फुसाए त्याच्याशी कधी भरभरून बोलली नव्हती. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"माझ्याबद्दल काही म्हणते का गं?"

इकुकोने मान वळवली. "अजून तरी नाही."

पाणी उकळलं. त्याने उजवा हात पुढे केला.

आता इकुको दर गुरुवारी येते. परवा शेजारच्या म्हातारीने त्याला जिन्यात अडवलं. "मजा आहे बुवा तुमची! दोघीजणी केवढ्या खिदळत असतात!"

"मेहुणी येते," तो म्हणाला.

"आणि दुसरी?"

तो जिना चढू लागला.

इकुको गेली की तो ओट्याशी येतो. दोन्ही वाडगे चाटूनपुसून रिकामे झालेले असतात, आणि त्याच्या पोटात मात्र भुकेने खड्डा पडलेला असतो. मग तो उभ्या उभ्याच थंड भात खातो.