क्रमपत्रिकेतली मोकळी पाच मिनिटं

माझ्या पत्र्याच्या डब्यात तुमच्या आजोबांचे रेल्वेचे जुने पास आहेत, तुमच्या आईचा पहिला पडलेला दात आहे आणि माझ्या अक्षरातला एक पिवळा कागद आहे. मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, ‘आजी, तू खरंच चर्च चालवायचीस?’ म्हणून तो कागद बाहेर काढला. त्याची नक्कल या पत्राबरोबर पाठवते आहे.

कागदावर अकरा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे मिनिटं. प्रारंभीचं वचन, दोन. गीत, चार. पापांची कबुली, तीन. असं करत शेवटी आशीर्वाद, एक. बेरीज पंचावन्न. मूळ कागदावर आठव्या ओळीला ‘मंडळीसाठी प्रार्थना’ असं लिहिलं होतं. ते नंतर खोडलेलं तुम्हाला दिसेल. हा कागद पहिल्यांदा लिहिला, तेव्हा तो पाहून देवालाही बरं वाटेल अशी माझी खात्री होती.

आम्ही नगरकडचे. तुमच्या आजोबांची बदली झाशीला झाली तेव्हा वाफेची इंजिनं होती आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाचे ठिपके पडत. रेल्वे कॉलनीतली बाकीची मराठी घरं हिंदू होती. त्यांच्या गणपतीला बबीन्याच्या छावणीतून लष्करातली मंडळी यायची आणि मीही मोदक खायला जायची. चर्चमध्ये मात्र मराठी आम्ही दोघंच. तिथे सगळं हिंदीत. माझं हिंदी पुस्तकातलं, शाळेत मी इंग्रजी शिकवायची, आणि त्यामुळे मी सगळ्यांची बहनजी.

चर्च लहान, कौलारू. तीस-पस्तीस माणसं. गार्ड, फिटर, दोन नर्सा, त्यांची मुलंबाळं. म्हातारे पादरीसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे गेले आणि नवे मिळेनात. मग रुळांपलीकडच्या मोठ्या चर्चच्या कमिटीचं पत्र आलं. पाळक नसताना तुमची मंडळी आपली उपासना आपण नीट चालवू शकते का, हे पाहायला फसलपर्वाच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या रविवारी कमिटीचे दोघे येतील. चालत नसेल, तर तुमची उपासना बंद करून सगळ्यांनी मोठ्या चर्चला यावं.

आमच्यासारख्यांना त्यात काही अडचण नव्हती. सायकल होती, पायात बळ होतं. अडचण होती ती बड़ी अम्मांची. त्या एका फायरमनच्या विधवा. मुलगाही इंजिनावरच. चर्चच्या मागच्या क्वार्टरात राहायच्या आणि भिंत धरधरून पहिल्या बाकापर्यंत यायच्या. मोठ्या चर्चला जायचं म्हणजे रुळांवरचा लोखंडी पूल चढायचा. गुडघे असे की घरातल्या दोन पायऱ्यांनाही त्या नावं ठेवायच्या. पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तो हमारा गिरजा तो गया।”

पुरुष कधी लाइनवर असतील याचा नेम नाही, म्हणून उपासना चालवायचं काम माझ्याकडे आलं. ‘बहनजी पढ़ी-लिखी हैं,’ एवढं कारण सगळ्यांना पुरलं. फसलपर्वाला तीन महिने होते.

पहिले चार रविवार माझ्या मते फार छान झाले. गीतं मी निवडली, वाचन मी केलं, प्रार्थना आदल्या दिवशी शुद्ध हिंदीत लिहून काढून मीच वाचली. चौपन्नाव्या मिनिटाला आशीर्वाद. मंडळी गप्प बसायची. त्याला मी शिस्त समजले. पाचव्या रविवारी मात्र मागचे तीन बाक रिकामे दिसले, आणि उपासना संपल्यावर बड़ी अम्मा भिंतीला धरून थांबल्या होत्या.

“बहनजी, एक बात कहें? बुरा तो नईं मानोगी?”

“कहिए न, अम्मा.”

“तुमने तो हमाए हिस्से की प्रार्थना भी कर दई। अब हम काए के लाने आएँ?”

आमच्या वाट्याची प्रार्थनाही तूच केलीस, मग आम्ही कशाला यायचं, हे अम्मांचं म्हणणं मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते बूट काढत होते.

“अगं, त्या बरोबर बोलताहेत. तू उपासना नाही चालवत, वर्ग चालवतेस. गृहपाठ तेवढा द्यायचा राहतो.”

“मग तुम्ही उभे राहा की एकदा.”

“मी पार्सल ऑफिसातला माणूस. मी फक्त शिक्का मारतो,” ते म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

दोन दिवस मी रागात होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना अम्मांच्या दारात थांबले आणि विचारलं, की काय करू? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हमसे पूछ लिया करो।”

मला सगळं लिहून ठेवल्याशिवाय करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आईच्या लग्नात वाढप्यांनासुद्धा मी क्रम लिहून दिला होता. तेव्हा मी कागद काढला, आठवी ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, ‘मोकळी जागा, पाच मिनिटं’. त्या वेळात मी बोलायचं नाही, मंडळीनं आपली विनंती आपण मांडायची. रविवारी ते जाहीर केलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले.

कोणी काही बोललं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. पंखा कुरकुरत होता. एक मूल शिंकलं आणि त्याच्या आईनं त्याला असं दाबलं, जणू त्यानं चोरी केली होती. तीन मिनिटं झाली. तोंड उघडावंसं वाटलं, पण पाच म्हणजे पाच.

इथे आमच्या घंटेबद्दल सांगायला हवं. चर्चला घंटा नव्हती. बाहेर कडुनिंबाला रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला होता, लहान स्टेशनांवर असतो तसा. तो वाजवायचं काम एका निवृत्त सांधेवाल्याचं. आयुष्यभर त्यानं आडगावच्या स्टेशनांवर रूळ बदलले होते आणि गाड्यांचे ठोके दिले होते. तो नेहमी दाराजवळच्या बाकावर बसायचा. चौथ्या मिनिटाला तो हळूच उठून बाहेर गेला. आणि मग त्या रुळावर, एका लयीत, खणखणीत, गाडी सुटायचे ठोके पडले.

सबंध मंडळी उभी राहिली. का उभे राहिलो ते कोणालाच कळायच्या आत. गार्डनं बाकाखालचा डबा उचलला आणि त्याचा हात शिट्टीसाठी खिशात गेला. बायकांनी मुलांचे दंड पकडले. एक फिटर तर बायकोला मागे सोडून दारापर्यंत पोहोचला. तुमचे आजोबाही उभे होते, आणि ते खिशात तिकीट चाचपत होते असा माझा आजही दावा आहे. ते नाकारायचे.

मग एकेकाच्या लक्षात आलं. आधी नर्सा हसल्या, मग गार्ड, आणि मग सगळं चर्च.

“काए भैया, किसकी गाड़ी छुड़ा रए?” बड़ी अम्मांनी दाराकडे वळून विचारलं.

सांधेवाला हातोडी घेऊन उंबऱ्यात उभा होता. “बहनजी बीच में रुक गईं। हमने सोचा, सिगनल नहीं मिल रहा।”

मी चिडले होते, हे कबूल करते. बसा म्हणून सांगणार होते. पण अम्मा बाकाला धरून उभ्या होत्या आणि त्यांना उठबस म्हणजे शिक्षा. त्या म्हणाल्या, “अब खड़े हो ही गए हैं, तो हमाए लड़का के लाने बोल दो सब जने। तीन दिन से लाइन पर है। बुखार में गया है।”

हसू थांबलं. त्या लोकांना इंजिनाच्या भट्टीपुढे तापानं फणफणत उभं राहणं म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. कोणीतरी मागून मोठ्यानं ‘हे प्रभु’ म्हटलं. मग गार्ड म्हणाला, घरवालीला आठवा महिना आहे आणि पुढचा आठवडा आपण बाहेर आहोत. नर्स म्हणाली, खिडकीजवळच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला भेटायला कोणी येत नाही. एका मुलीनं गणिताच्या पेपरासाठी विनंती केली आणि तिच्या भावानं पुस्ती जोडली, की ती अभ्यासही करत नाही, त्यासाठी पण. प्रत्येक विनंतीवर आमेन वाढत गेलं. शेवटी सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. नगरला माझी आई अंथरुणाला खिळून होती. मी तिच्यासाठी बोलले, आणि बोलून झाल्यावर कळलं, की मी मराठीत बोलले. तुमच्या आजोबांखेरीज कोणाला एक शब्द समजला नसेल, तरी त्या दिवसातलं सगळ्यात मोठं आमेन तेच होतं.

अम्मांचा मुलगा मंगळवारी परत आला, अशक्त पण धडधाकट. पुढच्या रविवारी सांधेवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “बहनजी, आज भी मारें?” मी विचार केला आणि आठव्या ओळीपुढे लिहिलं, ‘आधी ठोके’.

त्यानंतर मी हळूहळू एकेक ओळ सोडत गेले. वाचन फिटरच्या मुलाकडे गेलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारं स्तोत्र आम्ही घ्यायला लागलो आणि ती ओळ अम्मांकडून पाठ करून घेतली. फिटरच्या बायकोला ढोलक आणायची होती, ती मात्र मी महिनाभर अडवून धरली. तोवर तिनं बाकावर ताल धरून धरून बाकाचं फळकूट ढिलं केलं, तेव्हा ढोलक परवडली. मागचे बाक भरले.

फसलपर्वाच्या दिवशी वेदीपुढे भोपळे, ऊस, गव्हाच्या पुड्या होत्या. एक कुटुंब बरुआसागरहून पहाटेच्या बसनं पोतंभर ओलं आलं घेऊन आलं होतं, मातीसकट. सगळ्या चर्चला त्याचा वास. कमिटीचे दोघे कोट घालून पहिल्या बाकावर बसले. एकाच्या हातात वही होती आणि तो घड्याळ पाहून काहीतरी टिपत होता. त्याला पाहून मला माझीच आठवण झाली.

सातव्या ओळीपर्यंतच पन्नास मिनिटं झाली होती. मग ठोके पडले आणि सगळे उठले. पाहुणे गोंधळून बसून राहिले, मग तेही उठले. विनंत्या सुरू झाल्या आणि संपल्या. मी नववी ओळ सुरू करणार, तोच बड़ी अम्मा वहीवाल्या साहेबांकडे वळल्या.

“साहब, आप भी बोलो।”

“हम तो देखने आए हैं, माताजी।”

“देख तो लिया। अब बोलो।”

साहेबांनी वहीकडे पाहिलं, मग ती मिटली. ते म्हणाले, मुलगी सासरी दूर आहे, दोन महिने तिचं पत्र नाही. अम्मांनी माझी वाट पाहिली नाही. त्यांनीच प्रार्थना केली, बुंदेलीत, पोस्टमनला दारात अडवून जाब विचारावा तशी. बापाचा जीव तुला कळतो, तूही बाप आहेस, मग पत्र का अडलंय ते बघ, एवढंच. आमेननं कौलं हलली.

उपासना दीड तास चालली. बाहेर साहेबांनी माझ्याकडे क्रमपत्रिका मागितली. मी दिली.

“आठ नंबर पर क्या लिखा है?”

“खाली जगह,” मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या साहेबांकडे पाहिलं. ते आल्याचा चहा पीत होते आणि त्यांनी नुसती होकाराची मान हलवली. “इसकी एक नकल हमें दीजिए,” वहीवाले म्हणाले. “और पादरी मिलने तक यहीं चलाइए।”

“तो पुल नईं चढ़ना?” अम्मांनी मला विचारलं.

“नाही चढायचा, अम्मा,” मी म्हणाले, पुन्हा मराठीतच. त्यांना समजलं.

महिन्याभरानं माझ्या नावे एक पोस्टकार्ड आलं. वर नमस्कार, खाली एकच वाक्य. मुलीचं पत्र आलं, अम्मांना सांगा. रविवारी आठव्या ओळीला मी ते वाचून दाखवलं. अम्मांनी मान डोलवली, जणू पोस्टमन त्यांचाच शिष्य होता. सांधेवाला उठून बाहेर गेला आणि त्यानं रुळावर वेगळेच ठोके दिले. सावकाश, अंतर ठेवून. गाडी पोहोचल्याचे.

हे ठोके माझ्या कागदावर नव्हते. मी पेन्सिल काढून आठव्या ओळीच्या शेवटी लिहिले. नकलेत नीट पाहिलंत तर दिसतील.