बाथरूममध्ये घसरलेली माणसं

किस्से जमवावे लागत नाहीत. जयपूरच्या एखाद्या इमर्जन्सीत बारा वर्षं काढा, ते आपोआप साठतात. मी डॉक्टर, मूळची नाशिकची, आणि जोडीला मीनाजी नावाच्या इथल्याच सिस्टर. खेळताना पडलेला माणूस दारातून आत आला, की त्याच्या चालण्यावरूनच मी काय मोडलंय ते सांगते आणि सहसा चुकत नाही. कसं मोडलं, हे मात्र पेशंट कधी खरं सांगत नाहीत. तिथं मी सपशेल नापास!

*

गोपालपुऱ्यात कोचिंगवाली पोरं ढिगानं. एकाच होस्टेलची चौघं एका आठवड्यात आली. कुणाची भुवई फुटलेली, कुणाचा अंगठा सुजलेला. चौघंही म्हणे बाथरूममध्ये घसरली. घरी कळलं तर बॅट जप्त होणार, हे मला कळत नाही थोडंच! चौथ्याला टाके घालताना मी सहज विचारलं, अरे, पण बाथरूम आहे तरी केवढं?

तो बेसावध होता.

"बाईस गज का, मॅडम."

*

आयटीतली आपली मराठी पोरं रविवारी आदर्श नगरजवळ बॉक्स क्रिकेट खेळतात. त्यातला एक पुण्याचा टीम लीड मांडी धरून आला. पहिल्याच धावेत स्नायू ताणला होता. वॉर्म-अप न करता पळालास, असं मी ठणकावून सांगितलं. तो रीतसर दुखावला. वॉर्म-अप केलाच होता म्हणाला.

काय केलंस?

"पार्किंगपासून चालत आलो ना."

*

इथल्या महाराष्ट्र मंडळाची सहल कानोत्याला गेली होती. बंधाऱ्याजवळ रस्सीखेच झाली आणि अध्यक्षांचा पाय मुरगळला. त्यांच्यासोबत दोन्ही संघ इमर्जन्सीत हजर, रस्सीसकट. मीनाजींनी एकेकाला बाहेर काढलं. मी बँडेज बांधून विश्रांती लिहून दिली. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला, पण समाधान काही होईना. शेवटी हळूच म्हणाले, "डॉक्टर, एवढंच लिहा की पाय हरायच्या आधी मुरगळला."

*

संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं आणि उरलेलं आमच्याकडे. एक गृहस्थ पाण्याच्या टाकीवरून पडले. खांदा निखळलेला, तरी फोन कानाला. पतंग अजून वर होता आणि मांजा बायकोच्या हातात. हे इथून तिला ढील द्यायला सांगत होते. मी हात धरून खांदा जागेवर बसवला, तोच ते जोरात किंचाळले. झालं झालं, बसला खांदा, म्हणून मी धीर दिला.

"कंधा छोड़िए मॅडम, पतंग कट गई."

*

आणि कविताताई. मूळच्या साताऱ्याच्या. नवरा सैन्यात होता. तो गेल्यावर त्या इथंच राहिल्या आणि शाळेत पीटी शिकवू लागल्या. व्हॉलीबॉल बोटावर बसला म्हणून आल्या. मधल्या बोटात नवऱ्याची जाड अंगठी, आणि सुजेनं बोट निळं पडत चाललेलं. मीनाजींनी कटर आणला.

"बोट तोडा हवं तर," ताई म्हणाल्या. "अंगठी न्हाई तोडायची."

दुसरा एक उपाय असतो. जाड दोरा अंगठीखालून ओवायचा, बोटावर घट्ट गुंडाळायचा आणि उलटा उलगडत अंगठी वर सरकवत आणायची. पण हाड मोडलेलं असेल तर हे करायचं नसतं, सरळ अंगठी कापायची. हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. एक्स-रेसाठी थांबायला वेळ नव्हता, म्हणून हाड दाबून तीनदा विचारलं, इथं दुखतंय का? तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. चेहरा शांत. माझा माझ्या तपासणीवर भरवसा होता.

मी दोरा गुंडाळला. पेरावर अंगठी अडली तेव्हा मलाच घाम फुटला. मीनाजींनी तोंड फिरवलं. कविताताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. दहा मिनिटांनी अंगठी अख्खी निघाली आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली.

त्यांनी अंगठी डाव्या मुठीत घेतली आणि मग पहिल्यांदा डोळे पुसले.

"आता काढा फोटो," त्या म्हणाल्या. "मोडलंय ते. मैदानातच कडकन वाजलं हुतं."