दगडापलीकडे कोणी झोपत नाही

कडा ढासळत गेला तसं स्किर्लगार्थचं चर्च समुद्रात गेलं, मग पब गेला, मग खालची आळी. उरली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं आणि एक दगड. कड्यापासून एक दोर अंतरावर तो रोवलेला. त्याच्यापलीकडे कोणी झोपायचं नाही, हा गावाचा कायदा. दर वसंतात दगडापासून कड्याकडे दोर लावायचा. टोक कड्यावरून खाली लोंबलं, की दगड मागे सरकवायचा आणि पुढे राहील ते घर सोडायचं.

दोर सांभाळायचा मान स्टॅथर घराण्याचा. त्यांच्यात आता ऑलिव्ह तेवढी उरली होती. सत्तरी उलटलेली, आणि हट्टी म्हणजे काय विचारू नका! तिच्या बागेचं फाटक दगडाला लागूनच होतं. यंदा टोक लोंबणार हे तिला खिडकीतूनच दिसत होतं. नवऱ्याने जिथे प्राण सोडला ते घर ती सोडणार नव्हती. तिने दोराचा वावभर तुकडा कापला आणि कोळशाच्या पेटीत दडवला.

सकाळी शेजारचा क्लेम दगडापाशी दोर धरून उभा राहिला. ऑलिव्ह दुसरं टोक घेऊन कड्याकडे गेली.

"लोंबतंय का गं?"

"नाही लोंबत!"

"म्हणजे अजून वर्षभर तुझा पाणचट चहा प्यायचा!" क्लेम हसला. त्याने आनंदाच्या भरात तिच्या मुलाला, रॉबिनला, फोनही केला.

कड्याच्या भीतीने रॉबिनने तिच्या नातवंडांना कधी इथे राहू दिलं नव्हतं. दुपारी तो त्यांना घेऊन हजर झाला, आणि समुद्राकडच्या खोलीत गाद्या टाकू लागला.

"तिथे नको रे. स्वयंपाकघरात झोपतील."

"आई, दगड हलला नाही ना? मग? आठवडाभर ठेवून घे त्यांना."

धाकटी नात खिडकीला नाक लावून उभी होती.  ऑलिव्ह तशीच उठली, पेटीतला तुकडा काढला आणि काळ्या हातांनी क्लेमच्या दारात गेली.

"क्लेम, दोर परत धर."

त्याने तुकड्याकडे पाहिलं. "ऑलिव्ह, काय केलंस हे!"

ती गाठ मारत राहिली. मग टोक घेऊन कड्याकडे निघाली आणि मध्येच थांबली. सकाळी ती ज्या गवतावर उभी होती, ते तिथे नव्हतं.