आमच्या शाळेची पितळी चकती

छत्तीसगढ राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्याचा पहिला फटका आमच्या शाळेला बसला. शाळेत तपासणी आली. तोवर तपासणीचे साहेब भोपाळला असत. पाच वर्गांची मिशनची शाळा बघायला एवढ्या लांबून कोण येणार? त्यामुळे आमची शाळा उत्तम आहे हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आता साहेबांचं ऑफिस बूढापाऱ्यातच, शाळेपासून दोन गल्ल्यांवर आलं.

शाळा उत्तम असण्याचं दुसरं कारण म्हणजे शांतता. आवारात इंग्रजीच बोलायचं असा नियम होता. जो दुसरं काही बोलेल त्याच्या गळ्यात दोरीत ओवलेली पितळी चकती पडायची. मग त्याने दुसऱ्या कोणाला तरी बोलताना पकडायचं आणि ती त्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या घंटेला चकती ज्याच्याकडे, तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर गुडघ्यावर. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, म्हणून कोणीच बोलत नसे. पालक फाटकाशी येऊन ती शांतता ऐकायचे आणि खूश होऊन पोरांची नावं घालून जायचे. माझे बाबा रेल्वेत कारकून. ते मात्र एकदा वैतागून म्हणाले, "काहून वं पोट्टी, शाळेत मुकी अन् घरी माझं डोकं खाऊन राहिली?"

चकती मात्र लखलखीत असायची. केरळच्या आमच्या मोठ्या सिस्टरांना कळकट वस्तू बघवत नसे, म्हणून शाळेची आया दर सोमवारी ती चिंचेने घासायची.

चौथीला आम्हाला नवीन मिस आल्या, वर्षभराच्या बोलीवर. गणिताच्या तासाला त्या दार लावून घ्यायच्या आणि हिंदीत, मध्येच छत्तीसगढीत, आंबे वाटून भागाकार शिकवायच्या. तीन वर्षं डोक्यावरून गेलेलं आठवड्यात कळलं. शाळेत जे काही शिक्षण व्हायचं, ते असं दाराआड, चोरीच्या मालासारखं. तपासणीच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी मिसना आमच्यासमोरच, पण इंग्रजीत, म्हणजे खासगीत सांगितलं, की उद्या वर्ग गप्प राहिला तर दुसरीकडे नोकरी बघा. इंग्रजीतलं तेवढं एकच वाक्य आम्हा सगळ्यांना पूर्ण समजलं. मला रडूच आलं.

तपासणीच्या सकाळी चकती माझ्या मैत्रिणीकडे होती. तिने माझ्या पायावर जोरात पाय दिला आणि मी "आई गं" म्हणाले. ही हिंदी नाही, मराठी आहे, असं मी हातवारे करून भांडले. सिस्टरांनी निकाल दिला, की दुखलं तरी इंग्रजीतच दुखलं पाहिजे. चकती माझ्या गळ्यात आली.

साहेब स्कूटरवर आले. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, वर्ग गप्प. हिंदीत विचारलं, तरी गप्प. सगळ्यांचे डोळे माझ्या चकतीवर, आणि सिस्टर दारात. मिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग साहेब खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "दू कोरी आमा, आठ लइका. एक झन ला कतका मिलही?"

एक कोरी म्हणजे वीस. वीस-वीस चाळीस आंबे, आठ पोरं. उत्तर सगळ्यांना येत होतं, बाकाखाली बोटं चालली होती, पण तोंड कोणी उघडेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या अख्ख्या वर्गात बोलायची भीती नाही अशी मी एकटीच, चकती तर आधीच माझ्या गळ्यात. भिजलेल्याला पावसाचं काय?

मी उभी राहिले आणि पाच-पाच म्हणून सांगितलं.

साहेबांनी माझ्या गळ्याकडे बघून सिस्टरांना विचारलं, हे मेडल का? सिस्टर आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या, आणि खरं सांगायची सोय नव्हती. रोज एका मुलाला मिळतं, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. साहेब भलतेच खूश झाले. मग बाकीच्यांनाही घाला की, म्हणाले. मिसनी चकती माझ्या गळ्यातून काढली आणि एकेकाच्या गळ्यात घालत निघाल्या. ज्याच्या गळ्यात पडेल तो बोलू लागे. शेवटच्या बाकावरची जी मुलगी मुकीच आहे असं आम्ही समजत होतो, तिने सतराचा पाढा म्हटला.

साहेबांनी शेरा लिहिला, की ही मेडलची पद्धत इतर शाळांनीही घ्यावी. सिस्टरांनी मिसना पुढच्या वर्षीही राहायला सांगितलं, पुन्हा खासगीत, इंग्रजीत. आम्हाला तेही समजलं.

चकती फिरून माझ्याकडेच आली होती आणि शेवटच्या घंटेला पाच मिनिटं होती. मिस जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शाबास, बेटा." सिस्टर दारातच होत्या. मिसच्या गळ्यात चकती घालायला माझा हात काही उठेना. शेवटी मिसनीच मान वाकवली, चकती काढून घेतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. 'व्हेरी गुड' त्या शाळेत रोज वाटलं जायचं. मला ते एक शाबास जन्मभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मिस कडक इस्त्रीच्या साडीत सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसल्या. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर आल्या आणि डोळे मिटून त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सिस्टर हिंदीत काय बोलल्या असतील ते आम्हाला काही केल्या सुचेना, आणि विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागलं असतं.