राज्यपालांच्या नावाने

अक्काला शेवटपर्यंत असंच वाटायचं की सरकार म्हणजे मीच. तिची तरी काय चूक? खात्याचा हुकूम निघाला की खाली सही माझी असायची, आणि सहीच्या वर एक ओळ: 'राज्यपालांच्या आदेशावरून आणि त्यांच्या नावाने'. हुबळीत, आमच्या कमरीपेठेत कुणीतरी तिला असा एक कागद वाचून दाखवला, तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "राज्यपालांचं नाव, आणि त्याच्याखाली थेट आमचा तम्मा? मध्ये कोणच नाही?"

धाकट्या भावाला आमच्याकडे कानडीतच तम्मा म्हणतात. घरात मराठी, दारात कानडी, आणि भांडण दोन्हीत, असं आमचं हुबळीचं बिऱ्हाड. आजोबा मिरजेकडून व्यापाराला आले आणि इथलेच झाले. अक्का माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी. लवकर विधवा होऊन ती माहेरी परतली. पुढच्या खोलीत तिनं बांगड्या, रिबिनी, दोऱ्याची रिळं असं दुकान मांडलं, आणि आई-वडील गेल्यावर मला तिनंच शिकवलं.

छप्पन साली मी धारवाडच्या कचेरीत नवा कारकून होतो. राज्य बदललं. परवापर्यंत आम्ही मुंबईचे होतो, आता म्हैसूरचे झालो. बरोबरीचे काहीजण मुंबई राज्याचा पर्याय देऊन पुण्याकडे गेले. मी राहिलो, कारण अक्का हुबळी सोडणार नव्हती. बोलायची कानडी येत होतीच, फायलीतली कानडी शिकलो. परीक्षा देत, बदल्या झेलत, राज्यभर फिरून उतारवयात बेंगळूरला आरोग्य खात्याचा सचिव झालो. पेढे अक्कानं वाटले. मला त्या दिवशी फक्त झोप येत होती.

सचिव काय करतो, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! मंत्री निवडून येतात, मी नेमलेला. ठरवायचं त्यांनी, मी सांगायचं की हे नियमात बसतं, हे बसत नाही, याचा परिणाम असा होईल. एवढं लिहून झालं की माझं काम संपलं. मग ते ठरवतील त्याखाली मी सही करायची, पटलेलं असो वा नसो. अक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हणजे सही तुझीच की."

सुटीला हुबळीला आलो की दुकानाच्या पायरीवर माणसं बसलेली असत. कुणाला बदली हवी, कुणाला पेन्शन अडलेली. अक्का सगळ्यांना "बर्री, कुंद्री", या, बसा, करून आत घ्यायची, चहा द्यायची. मी बॅगही न ठेवता ऐकायला बसायचो. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, बघतो. हा शब्द मी इतका वापरला की पुढे मलाच त्याचा अर्थ उरला नाही.

असंच एकदा अळणावर स्टेशनाच्या पलीकडल्या, जंगलाकाठच्या एका गावाहून चौघं आली. तीन शेतकरी आणि एक म्हातारी. तिचं तोंड रापलेलं, आवाज खणखणीत. गावात सरकारनं दवाखान्याची खोली बांधली होती, पण नर्स कधी आलीच नव्हती.

"आमच्या बायका बैलगाडीत बाळंत होत्यात, सायेब," म्हातारी म्हणाली. "माझी सून वाटंतच गेली. आता दुसरी सून पोटुशी हाय. ही पण वाटंत जाऊ द्या म्हणता?"

मी 'बघतो' म्हणायच्या आत अक्का म्हणाली, "बघतो म्हणू नकोस. करतो म्हण."

आयुष्यात तिनं माझ्याकडे कुणासाठी हट्ट धरला तो पहिल्यांदाच. मी करतो म्हणालो.

एरवी नर्सची बदली सचिवापर्यंत येत नाही. पण त्या वर्षी बदल्यांवर बंदी होती. अपवाद हवा असेल तर कागद माझ्यामार्फत मंत्र्यांकडे जायचा. मी टिपण लिहिलं, मंत्र्यांनी मान डोलावली, हुकूम निघाला. जुन्या हुबळीतल्या दवाखान्यात गरजेपेक्षा जास्त नर्स होत्या. त्यांतली, एकाच जागी सर्वांत जास्त वर्षं काढलेली एक तिकडे नेमली. नियम तसाच होता. तिचं नाव माझ्यासमोर आलं होतं, पण नाव म्हणजे माणूस नव्हे.

माणूस पुढच्या सुटीला भेटलं. दुकानाच्या पायरीवर चाळिशीची एक बाई बसली होती, पांढरी साडी, डोळे सुजलेले. अक्का तिच्याशेजारी, तिचा हात हातात घेऊन.

"हीच ती नर्सबाई," अक्का म्हणाली. "लग्न केलं नाही हिनं. आई अर्धांगानं अंथरुणावर आहे. शेजारीण दुपारी बघते म्हणून हिची नोकरी चालते. त्या रानात आईला कोण बघणार? रद्द कर रे तो हुकूम."

"अक्का, तूच सांगितलं होतंस."

"मला काय ठाऊक ही जाणार म्हणून?"

मी बाईकडे वळलो. मी विचारलं, "तुमच्याऐवजी दुसरी कुणी पाठवली तर तिच्या घरीही असंच काहीतरी असेल. मग मी काय करू?" तिनं वर पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "नका करू काही," ती म्हणाली, "फक्त एकदा सांगावं वाटलं." आणि उठून गेली.

मी हुकूम बदलला नाही. अक्का त्या सुटीत माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

नर्सबाई आईला घेऊनच गेली. पुढचं मला अक्काकडून कळलं, कारण गावची माणसं बाजाराला आली की तिच्या दुकानात थांबायची. दवाखान्याची खोली दोन भागांत पडदा लावून वाटली होती. पुढे दवाखाना, मागे आईची खाट. म्हातारीची सून सुखरूप बाळंत झाली. त्यानंतर म्हातारी रोज सकाळी नर्सबाईच्या आईला अंघोळ घालायला जाऊ लागली. नर्सबाई आडगावी गेली की कुणी ना कुणी खाटेपाशी बसायचं. बायका भाजी निवडायला तिथंच जमायच्या. हुबळीत भिंतीकडे बघत पडलेली आई तिथं एका हातानं शेंगा सोलायला लागली, असं अक्का सांगायची तेव्हा तिचा राग गेलेला असायचा. माझाही थोडा थकवा उतरायचा. निदान एक काम नीट झालं, असं मला वाटू लागलं होतं.

ते वाटणं फार टिकलं नाही. मंत्री बदलले. नव्या मंत्र्यांच्या ओळखीतल्या कुणाला तरी दुसरीकडे सोय हवी होती. त्या साखळीत चार-पाच नावं हलली आणि आमची नर्सबाई परत हुबळीला नेमायची ठरली. तिच्या जागी कुणी नाही. मी टिपण लिहिलं की गाव उघडं पडेल. मंत्र्यांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"त्या बाईची हुबळीला यायचीच इच्छा असणार ना?" ते म्हणाले. "सगळ्यांना शहरच हवं असतं."

"आधी होती, साहेब. आता बहुधा नसेल."

"तिनं अर्ज केलाय?"

अर्ज नव्हता. हुकूम निघण्याआधी कुणी विरोधाचा अर्ज कसा करणार? पण ते बोलून उपयोग नव्हता. माझं मत कागदावर होतं, त्याखाली त्यांनी आपला निर्णय लिहिला. मी खोलीत परत आलो, टंकलिखित प्रत समोर आली आणि मी सही केली, राज्यपालांच्या नावाने. राज्यपालांना त्या गावाचं नावही माहीत नसेल.

ती पुन्हा आली, त्याच पायरीवर. यावेळी म्हातारीही बरोबर होती. नर्सबाई म्हणाली, "साहेब, तेव्हा नको म्हटलं तर पाठवलंत. आता राहते म्हणते तर काढता. मी तुमचं काय बिघडवलंय?"

अक्का माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा तेच सांगितलं, ठरवायचं मंत्र्यांनी. सांगताना मला माझाच आवाज शिळा वाटला. नर्सबाईनं मंत्र्यांना अर्ज दिला, मी तो शिफारस करून पुढे पाठवला, आणि तो फेटाळला गेला. एवढंच.

मग म्हातारीनं जे केलं ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. ती नर्सबाईला म्हणाली, "तुला सरकारनं बोलावलंय, तू जा. आईला कुणी बोलावलंय? ती हितंच राहू दे. हुबळीत भिंतीसंग बोलत बसंल."

नर्सबाई आठवडाभर रडली म्हणे. पण आईला विचारल्यावर आईनं चांगल्या हातानं खाटेची दोरी घट्ट धरली. ती तिथंच राहिली, म्हातारीच्या पडवीत. नर्सबाई हुबळीच्या दवाखान्यात रुजू झाली, आणि दर शनिवारी दुपारच्या गाडीनं अळणावर, तिथून पुढे मिळेल त्या बैलगाडीनं गावाला जाऊ लागली. रविवारी त्या पडवीतच पोटुशा बायका तपासायची. सरकारच्या हिशेबी त्या गावात नर्स नव्हतीच.

मी निवृत्त होऊन धारवाडला राहायला आलो. नर्सबाईची आई गेल्याचं अक्कानं कळवलं तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. पडवी सारवलेली, खाट उभी करून ठेवलेली. म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं. मला ओळखून म्हणाली, "सायेब, खोलीला कुलूप हाय अजून. आता कुणाला सांगायचं?" मी त्या खात्याचा आताचा सचिव कोण हे आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. "अर्ज लिहून देतो," म्हणालो. लिहूनही दिला. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही.

परतताना गाडीत अक्कानं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "तम्मा, तू फार दमलास रे त्या नोकरीत." इतक्या वर्षांत ती प्रथमच असं म्हणाली. तिला वारा लागावा म्हणून मी खिडकी थोडी उघडली.

आई गेल्यावरही नर्सबाई शनिवारची गाडी पकडतच राहिली. एकदा धारवाड स्टेशनावर मी सासरी निघालेल्या माझ्या मुलीला सोडायला गेलो होतो, तेव्हा ती डब्याच्या दारात दिसली. केस पिकलेले, खांद्याला पिशवी. मी विचारलं, "अजून जाता?" "एकीचे दिवस भरलेत," ती म्हणाली. मी अजून काहीतरी बोलणार होतो, पण गाडी हलली. ती आत जाऊन जागा शोधू लागली.