क्लोज म्हणजे चालू

अकोल्याला ट्रेनिंगमध्ये आमच्या सरांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून दाखवली होती. बोटं टेकली, वाट जुळली, वीज निघाली. याला म्हणायचं सर्किट क्लोज. बोटं लांब केली, वाट तुटली, सर्किट ओपन. सगळा वर्ग मान डोलवत होता, पण पटलं कुणालाच नव्हतं. दुकान क्लोज म्हणजे बंद, शाळा क्लोज म्हणजे बंद, मग वीजच तेवढी उफराट्या डोक्याची कशी? एकीनं विचारलंही. सर म्हणाले, "नळ क्लोज केला का पाणी थांबते, ब्रेकर क्लोज केला का वीज धावते. कावून थे इचारू नको बाई, पाठ कर."

मी पाठ केलं. अमरावतीहून धामणगावकडे जाताना लागणाऱ्या एका सबस्टेशनात मी ऑपरेटर आहे. पॅनेलसमोर बसायचं, मीटर बघायचे, लाइन जोडणारे-तोडणारे ब्रेकर चालवायचे, फोन घ्यायचे. लाइन गेली की अर्धा तालुका मलाच जाब विचारतो, जशी काही मीच ती पदराखाली लपवून ठेवली आहे. नवरा त्याच भागात लाइनमन आहे. मी इथे लाइन बंद करते, मग तो तिकडे खांबावर चढतो. लोकांना या जोडीचं मोठं कौतुक. आम्हा दोघांना फक्त झोप हवी असते.

लाइनमन मंडळींचा क्लोज मात्र दुकानाचाच राहिला. "लाइन क्लोज करा" म्हणजे बंद करा. मी ऐकताना मनातल्या मनात उलटा अर्थ लावून घ्यायची आणि स्वतः बोलताना फक्त चालू-बंद म्हणायची. नवऱ्याला सांगून सांगून तोंड दुखलं. त्याचं उत्तर ठरलेलं, "तुले समजते ना? मंग झालं." मला समजत होतं, खरं आहे. पण त्या खुर्चीत चोवीस तास मी बसत नाही.

उन्हाळ्यातली दुपार होती. त्या दिवशी आमचा एक फीडर, म्हणजे चार-पाच गावांना जाणारी लाइन, दुपारून कामासाठी बंद ठेवायची ठरली होती. सकाळी डबा भरताना मीच नवऱ्याला तसं सांगितलं होतं. ऐनवेळी वरून फोन आला, बंद थोडा पुढे ढकला. त्या धांदलीत नवऱ्याला कळवायचं राहून गेलं. माझी ड्यूटी संपली. नुकत्याच रुजू झालेल्या नव्या ऑपरेटरला मी चार्ज दिला, ढकललेल्या बंदचंही सांगितलं, आणि बाटलीत पाणी भरायला वळले. डोकं उन्हानं भणभणत होतं. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या फोनचा आवाज असा की पलीकडचा माणूस खोलीभर ऐकू येतो.

"लाइन क्लोज हाय ना?" नवऱ्याचा आवाज.

नव्या ऑपरेटरनं पॅनेलकडे पाहिलं. लाल दिवा लागला होता. लाल म्हणजे ब्रेकर क्लोज, लाइन चालू. "हो, क्लोजच आहे," तो म्हणाला. पलीकडून फोन ठेवला गेला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पुस्तकात आहे तेच तो बोलला. नवराही सगळा गाव बोलतो तेच बोलला होता. दोघेही बरोबर होते आणि माझा माणूस चालू तारेकडे चढत होता. मी बाटली टाकली. त्याला फोन लावण्यात अर्थ नव्हता, चढताना तो फोन गाडीच्या डिकीत ठेवतो. मी पॅनेलकडे धावले आणि हँडल फिरवलं. यार्डात ब्रेकर धाडकन ओपन झाला. लाल दिवा गेला, हिरवा लागला. नवीन ऑपरेटर माझ्याकडे बघतच राहिला.

मग फोनवर फोन. पंखे बंद, पंप बंद, लोकांच्या शिव्या. मला त्या सगळ्यांतून एकच आवाज हवा होता. तो आला तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले होते.

"अर्ध्यावर होतो," तो म्हणाला. "गावात भागवताचा भोंगा चालू होता. थो एकदम बंद पडला. तवा ध्यानात आलं, का लाइन आतापर्यंत चालू होती." तारेत वीज आहे का ते दाखवणारा टेस्टर कुठे होता, हे मी ओरडून विचारलं. तोही डिकीतच होता. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा, तीच ड्यूटी. रडायलासुद्धा रजा मिळत नाही. फरक एवढाच पडला, की आता तो चालू, बंद, ओपन, क्लोज यातलं काहीच म्हणत नाही. ड्यूटीवर कुणीही असो, टेस्टर खिशात घालतो आणि फोनवर सरळ विचारतो, "चढलो तं मरीन का वाचीन, थे सांगा." बाकीचे ऑपरेटर हसतात.

मला हसू येत नाही. माझी ड्यूटी असली की मी फोन कानाशी धरूनच उठते, पॅनेलपाशी जाते, हिरवा दिवा डोळ्यांनी बघते आणि मगच म्हणते, "वाचसान. चढा."