काकांनी मला विचारलं होतं

माझे काका डेंग्यूने गेले. मी तेव्हा डेंग्यूवरच पीएचडी करत होते.

आज त्यांची पुण्यतिथी. दर वर्षी फोटो टाकते, दोन ओळी लिहिते. यंदा जास्त लिहितेय, कारण त्या दोन ओळींत दर वर्षी एक गोष्ट खोटी असते.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी दोन वर्षांची. बाबा आम्हाला घेऊन गावी परतले, सावंतवाडीकडे. काका-काकू लालबागच्या खोलीत टिकून राहिले. पुढे मी शिकायला त्याच खोलीत आले.

गिरणीत काका कापूस पिंजायच्या खात्यात होते. संपानंतर दादरच्या एका दुकानात कापड मोजायला उभे राहिले.

घरी आले की म्हणायचे, "आज एका बाईने चाळीस ठाणं उलगडायला लावली. घेतला काय, एक ब्लाउजपीस."

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "काय गो बाय, दिवसभर लॅबमध्ये करतेस काय?"

"ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस बघते, काका."

काकू म्हणाली, "स्ट्रेस बघायला एवढ्या लांब कशाला जायला हवं?"

मग मी समजावलं. विषाणू शरीरात शिरला की पेशी त्याच्याशी लढायला ऑक्सिजनचे फार जहाल रेणू सोडतात. ते प्रमाणाबाहेर गेले की आपल्याच पेशींना, आपल्याच रक्तवाहिन्यांना इजा होते.

काकांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे कापसाला आग लागली की आम्ही पाणी मारायचो, आणि निम्मा माल पाण्यानेच जायचा. तसं?"

अगदी तसं.

"आणि विझली म्हणून निघून जायचं नाही हां. गाठीच्या पोटात धुमसत असतं. दोन दिवस माणूस बसायचा राखणीला."

हे मी सेमिनारमध्ये सांगितलं. सगळ्यांना आवडलं. कौतुक मी घेतलं.

त्याच पावसाळ्यात काकांना डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. काकूने पेज टाकली. काकांनी बांगड्याचं तिखलं मागितलं, म्हणून ती हसली. घर पुन्हा घरासारखं झालं.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात होतं. मीच लिहिलेलं.

काका म्हणाले, "पोटात जरा दुखतंय. दवाखान्यात जाऊन येऊया काय गो?"

मी लॅबला निघायला चप्पल घालत होते.

"ताप गेलाय ना, काका. उद्या जाऊ. आज आराम करा."

संध्याकाळी त्यांचे हातपाय गार पडले. टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "काका ऐकेनात. दवाखाना नको म्हणाले."

संपात शेवटपर्यंत गेटच्या आत पाऊल न टाकलेला माणूस. हट्टीच असणार. सगळ्यांना पटलं.

त्यांनी हट्ट केला नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं.

सकाळी नेलं असतं तर वाचले असते का? माहीत नाही. "माहीत नाही" म्हणणं मला सोयीचं आहे, हेही माहीत आहे.

काल काकूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मी मोरीतच होते तेव्हा. ऐकलेलं मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यांनीच सांगितलेलं, टॅक्सीत, तू पुढे बसलेलीस तेव्हा. बायला काय बोलू नको म्हणाले. तिचं शिक्षण अर्धवट राहील म्हणाले."

मित्रांनो, घरात कुणाचा डेंग्यूचा ताप उतरला आणि तो माणूस पोट दुखतंय म्हणाला, तर उद्यावर टाकू नका.

काका, तुम्ही हट्टी नव्हता. हे आज सगळ्यांसमोर लिहिलं.

तुमच्या बायचा नमस्कार.